जुळ्या पानांची प्रत

नीती ही वस्तू हवा लागली की खराब होते. म्हणून जाणकार मंडळी ती काचेआड आणि शक्यतो न उघडता ठेवतात.

दंतवैद्यांना हे तत्त्व जरा उशिरा उमगलं, पण उमगलं ते मनापासून. दवाखान्यामागच्या खोलीत त्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली सचित्र बोधकथांची पुस्तकं जमवली होती. सोनेरी कडा, कापडी बांधणी, प्रत्येक चित्रावर झिरझिरीत कागद. चित्रांत खोटारडा मुलगा विहिरीत पडे, हावरट मुलगी मुरंब्याच्या बरणीत अडके, आळशी भावाला बैल तुडवी. (बैलाला बोध कुणी केला, याचा खुलासा प्रस्तावनेत नाही.) संग्राहक मंडळाच्या रिवाजानुसार पुस्तक दोन्ही हातांनी धरावं, हुंगावं आणि जागेवर ठेवावं. वाचणाऱ्या सभासदाकडे संशयानेच पाहिलं जाई. सर्वांत दुर्मीळ म्हणजे जुळ्या पानांची प्रत. छापखान्यातून जोडलेली आलेली पानं जिच्यात कुणी कापून सुटी केलीच नाहीत, म्हणजे जिच्यातला उपदेश आजवर एकाही माणसाला बाधलेला नाही, अशी.

अशी एक प्रत दंतवैद्यांच्या आत्याकडे निघाली. 'सत्यप्रिय मुलगी आणि मेणबत्ती.' आत्याच्या सासूला शाळेत सद्वर्तनाबद्दल मिळालेलं बक्षीस. सद्वर्तन आधीच असल्यामुळे सासूबाईंना ते वाचायची गरज पडली नव्हती.

दंतवैद्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, हुंगली, पण जागेवर ठेवली नाही. दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात त्यांची हयात गेलेली. आपलं केव्हा उघडावं हे त्यांना बरोबर कळे.

"आत्या, अगं याला वाळवी लागलीय. घरभर पसरेल."

"अगंबाई! मग रे?"

"मी नेतो. लावतो विल्हेवाट."

"किती करतोस रे माझ्यासाठी," म्हणत आत्याने पुस्तक मऊ सुती कापडात गुंडाळून दिलं. "सासूबाईंची तेवढीच आठवण होती."

सत्यावरचं पुस्तक थाप मारून मिळवणं बरं नव्हे, असं दंतवैद्यांनाही वाटलं. घरी पोचेपर्यंत वाटत होतं. (घर जवळच होतं.)

लवकरच मंडळाची सभा त्यांच्याकडे भरली. अध्यक्ष, म्हणजे निवृत्त न्यायाधीश, पुढे सरसावून बसले. दंतवैद्यांनी कापड बाजूला केलं, पुस्तक उचललं आणि पानं फडफडली.

जुळी पानं फडफडत नसतात.

"ती मी कापली," चहाचा ट्रे ठेवत बायको म्हणाली. "भाजीच्या सुरीने. चिकटून बसली होती सगळी! छान आहे हो पुस्तक. त्या मुलीचं वाचून मला तर रडूच आलं. म्हटलं, आपणही खरं बोलायचं. अहो, आत्यांचा फोन आला होता, वाळवी तुमच्याकडे पसरली नाही ना म्हणून. यात कुठाय वाळवी? थाप मारलीत ना त्यांना?"

न्यायाधीशांचे डोळे पाणावले.

"वहिनी," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "भाजीच्या सुरीने?"

मंडळाने उभं राहून पानांना श्रद्धांजली वाहिली. थापेचा विषय कामकाजात आलाच नाही. फक्त एका सभासदाने निघताना दंतवैद्यांना बाजूला घेऊन वाळवीची युक्ती नीट समजून घेतली. 'लाज नाही वाटत?' एवढं तरी कुणी विचारेल म्हणून दंतवैद्य दारापर्यंत सगळ्यांना सोडायला गेले. कुणी विचारलं नाही. मग मात्र त्यांना ती वाटली.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको पुस्तक घेऊन आत्याकडे गेले.

"आत्या, वाळवी नव्हती गं."

"ठाऊक आहे रे. फोनही मुद्दामच केला होता. दाताच्या डॉक्टरला वाळवीतलं काय कळतंय! म्हटलं, हवं असेल पोराला. मागितलं असतंस तरी दिलं असतं."

आत्याने चष्मा लावला आणि सूनबाईला म्हणाली, "वाच गं. आमच्या सासूबाईंनी काय चुकवलं ते कळू दे."

दंतवैद्यही ऐकत बसले. संग्रहातलं पुस्तक आतून कसं असतं, हे त्यांना प्रथमच कळत होतं.

बोधकथेचं तात्पर्य नेहमी दुसऱ्यालाच लागू पडतं, असा नियम आहे. त्याला धरून तुम्हीही दंतवैद्यांना मनातल्या मनात दोन शब्द सुनावले असतीलच. सुनावून झाले असतील तर उठा, आणि 'वाचून लगेच परत देतो' म्हणून आणलेलं ते पुस्तक कपाटातून काढा. वाचलंत का, हे आम्ही विचारत नाही. पहिल्या पानावर नाव कुणाचं आहे, एवढंच बघा.