बाईंचे चौरस

"बाई, हा चौरस नाहीये."

पुठ्ठ्याचा निळा तुकडा हातात धरून बालवर्गातली चार वर्षांची एक मुलगी बाईंना हे सांगत होती. सकाळचा पहिला तास होता आणि बाई आधीच धुसफुसत होत्या, कारण दोन मुलांच्या बाटल्या दप्तरात सांडून झाल्या होत्या. त्यांनी तुकडा घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला.

"चौरसच आहे. जा, चौरसाच्या टोपलीत टाक."

"नाहीये. उजेड दिसतोय."

मुलगी फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीची होती. तिच्या दप्तरात खडू, रुमाल आणि डब्याबरोबर एक छोटा गुण्या असे. गुण्या म्हणजे मिस्त्री लोक कोपरा काटकोनात आहे का ते बघायला वापरतात ती लोखंडी पट्टी, काटकोनात जोडलेली. तिनं पुठ्ठ्याचा कोपरा गुण्याच्या आत बसवला, खिडकीकडे वर धरला आणि बापासारखा एक डोळा मिटला. पुठ्ठा आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. ती रेघ तिनं बाईंनाही दाखवली, अगदी समजुतीनं, जणू बाईच नवीन ॲडमिशन होत्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन रविवार घालवून, जुनी खोकी फाडून, अंगठ्याला फोड येईपर्यंत कात्री चालवून त्यांनी चाळीस तुकडे कापले होते. हौस म्हणून नव्हे. बाई गेली नऊ वर्षं हंगामी होत्या. दर वर्षी अकरा महिन्यांचं पत्र मिळायचं, बाराव्या महिन्यात घरी बसायचं आणि पुन्हा अर्ज करायचा. या वेळी कायमची एक जागा निघाली होती. येत्या मंगळवारी तपासणीचे साहेब येऊन त्यांचा पाठ बघणार होते, आणि पाठाचा विषय ठरला होता: आकार ओळखणे व वेगळे करणे. साहेबांनी 'योग्य' लिहिलं तर बाई कायम. नाही लिहिलं तर जूनमध्ये वयाची अट ओलांडली जाणार होती, आणि मग जन्मभर हंगामी.

"ते लोखंड आधी आत ठेव," बाई म्हणाल्या.

मुलीनं ठेवलं. पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. चष्मेवाल्या मुलानं आपला लाल तुकडा खिडकीकडे धरला आणि कुठलाही गुण्या नसताना जाहीर केलं, "माझ्यातपण उजेड दिसतोय." मग बावीसच्या बावीस पोरं खिडकीशी जमली. कुणी पाटीच्या कोपऱ्याला तुकडा लावून बघत होतं, कुणी डब्याच्या झाकणाला, आणि एकानं तर गोल तुकडा शेजाऱ्याच्या कानाला लावून बघितला. सगळ्यांचा निकाल एकच. पाच मिनिटांत चारही टोपल्या रिकाम्या झाल्या आणि चाळीसही तुकडे कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात गेले.

"तिथं का टाकलेत?" बाईंचा आवाज चढला.

"हे कशातच बसत नाहीत ना, बाई," चष्मेवाला म्हणाला. "म्हणून."

बाईंनी गुण्या जप्त केला, कपाटात कुलूपबंद केला आणि मुलीच्या वहीत लाल शाईनं लिहिलं, 'पालकांनी त्वरित भेटावे.' 'त्वरित'च्या खाली त्यांनी दोन रेघा मारल्या. दुसऱ्या रेघेला कागद फाटला.

पालक दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत आले. पँटवर सिमेंटचे शिंतोडे होते, कानामागे पेन्सिल होती, आणि बालवर्गाच्या इवल्या खुर्चीवर बसू की नको अशा विचारात ते उभेच राहिले. बाईंनी चांगली दहा मिनिटं त्यांची खरडपट्टी काढली. शिस्त, संगत, लोखंडी वस्तूंचा धोका, मोठ्यांचा आदर, सगळं झालं. मिस्त्रींनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर आहे, बाई. मी समजावतो तिला."

"समजवाच. अहो, चौरसाला चौरस म्हणत नाही पोरगी."

"बघू एक?" म्हणून मिस्त्रींनी टेबलावरचा तुकडा उचलला. खिडकीकडे धरला. एक डोळा मिटला. मग तुकडा हळूच जागेवर ठेवून, एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात ते म्हणाले, "दोन मिलीमीटर गेलाय, बाई."

नऊ वर्षांत त्यांच्या शिकवण्यात कुणी दोन मिलीमीटरची चूक काढली नव्हती.

"माझ्याकडं फरशीचे तुकडे पडलेत ढीगभर," मिस्त्री म्हणाले. "मशीनवर कापून देऊ का? एकदम गुण्यात. पैसे नकोत."

"काही गरज नाही," बाई म्हणाल्या. "पुठ्ठा आहे माझ्याकडे. हात आहेत. डोळेसुद्धा आहेत."

त्या संध्याकाळी बाईंनी घरी पुन्हा पुठ्ठा मांडला. या वेळी मोठ्या मुलाची कंपासपेटी घेतली, पट्टी घेतली, धारदार पातं घेतलं. नवरा सोफ्यावर बसून बघत होता.

"अगं, एवढं कशाला? चार वर्षांची पोरं ती. अंदाजे चौकोनी असलं म्हणजे झालं."

"अंदाजे?" बाई पात्यासकट वळल्या. "तुमच्या असल्या अंदाजांमुळेच स्वयंपाकघराचा दरवाजा लागत नाही गेली सहा वर्षं. आतल्या खोलीत जाऊन बसा."

नवरा आतल्या खोलीत जाऊन बसला. बाईंनी बारा चौरस कापले आणि एकेक कंपासपेटीतल्या गुण्याला लावून दिव्याकडे धरला. बाराही तुकड्यांत उजेड दिसला. त्यांनी पातं आपटलं. मग मुलाच्या वह्या दिव्याकडे धरल्या, ताट पुसायचा चौकोनी रुमाल धरला, लग्नातल्या फोटोची चौकटही भिंतीवरून काढून तपासली. चौकट बरीच वाकडी होती. घरातली एक वस्तू धड असेल तर शपथ. बाईंना त्या पोरीचा इतका राग आला की त्यांनी आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला पुन्हा ऐकवलं.

शनिवारी शाळा सुटताना बाई फाटकाशी मिस्त्रींची वाट बघत थांबल्या. "ते फरशीचे तुकडे," त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या, "असतील तर द्या."

सोमवारी तुकडे आले. जड, गुळगुळीत, कडा घासलेल्या. चौरस, त्रिकोण, आयत, प्रत्येकी दहा. गोल तुकडे कसे कापले असं बाईंनी विचारलं, तेव्हा कळलं की ते कापलेलेच नव्हते. न्हाणीघराच्या फरशीला पाणी जायला भोक पाडतात, त्या भोकातून निघालेल्या त्या चकत्या होत्या. मिस्त्रींनी गुण्या घरीच राहील असा शब्द देऊन तो परत नेला. बाईंनी सोमवारभर मुलांकडून सराव करून घेतला. एकही तुकडा चुकला नाही. उजेडाचं कुणी नाव काढलं नाही.

मंगळवारी साहेब आले. त्यांच्यासाठी वर्गात मोठी खुर्ची आणली होती. शेजारी मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, हात जोडल्यासारख्या बसल्या होत्या. पाठ असा झाला की बाईंचा स्वतःचाच विश्वास बसेना. मुलं एकेक येत होती, तुकडा उचलत होती, आकाराचं नाव सांगत होती आणि बरोबर टोपलीत टाकत होती. फरशीवाल्याच्या मुलीनं तर डोळे मिटून, नुसता हात फिरवून दहा चौरस वेगळे काढले. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं. कागदावरचा 'शेरा' हा शब्द बाईंना लांबूनही दिसत होता.

तिथंच थांबले असते तर साहेबांचं काय बिघडलं असतं? पण मोठ्या माणसांना शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

"छान," साहेब म्हणाले. "आता सांगा बरं मुलांनो, आपला हा वर्ग कोणत्या आकाराचा आहे?"

बावीस माना फरशीवाल्याच्या मुलीकडे वळल्या. तिनं बाईंकडे बघितलं. बाईंनी डोळे मोठे केले. ते तिला कळलं नाही, किंवा कळूनही उपयोग नव्हता, कारण तिनं खाली वाकून मोज्यातून गुण्या काढला होता. पोटरीला लावून तिनं तो शाळेपर्यंत कसा आणला होता ते तिचं तिलाच ठाऊक. ती खिडकीजवळच्या कोपऱ्यात गेली, पालथी पडली आणि दोन भिंती मिळतात तिथं गुण्या टेकवला.

"बोट जातंय," ती म्हणाली.

"काय जातंय?" साहेबांनी विचारलं.

"माझंपण बघू," म्हणत चष्मेवाला धावला. मग रांग लागली. एकेक मूल येऊन गुण्या आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बोट घालत होतं आणि समाधानानं बाजूला होत होतं. एकाचं अडकलं, ते मोठ्या बाईंनी ओढून काढलं. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की दाराशी भिंतीलगतची फरशी पूर्ण आहे, आणि तीच ओळ खिडकीशी येईपर्यंत चार बोटांनी अरुंद झाली आहे. ती चार बोटंही सगळ्यांनी मोजून बघितली.

"उठा सगळे," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला होता. "कुणी शिकवलं हे?"

"माझ्या बाबांनी बसवली ही फरशी," मुलगी जमिनीवरूनच म्हणाली. "बाबा म्हणाले, भिंत वाकडी आहे, आधी नीट करा. तर बांधकामाचे साहेब म्हणाले, तू गुपचूप फरशी बसव. बाबा घरी नेहमी सांगतात."

मोठ्या बाई एकदम खोकल्या. दोन वर्षांपूर्वी ही खोली बांधली तेव्हा बांधकाम समितीवर साहेबच होते, आणि काम नकाशाप्रमाणे झाल्याच्या दाखल्यावर सही त्यांचीच होती. हे शाळेत शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. हे बाईंनाही माहीत होतं. पाऊस आला की त्याच भिंतीतून येणारं पाणी त्याच पुसत होत्या.

साहेबांनी पेन कागदावर टेकवलं, पण लिहिलं नाही. "बाई, मुलांचा गोंधळ झालाय. त्यांना तुम्ही सांगा. हा वर्ग कोणत्या आकाराचा?"

बाईंना उत्तर येत होतं. आयत. तीन अक्षरं. तेवढी उच्चारली की कायम, पेन्शन, बाराव्या महिन्याचा पगार. त्यांनी तोंड उघडलंही. आणि मग त्यांना फोड आलेला अंगठा आठवला, सोफ्यावरून हाकललेला नवरा आठवला. आठवडाभर आपण दोन मिलीमीटरसाठी जीव काढला, एका पोरीवर आणि तिच्या भल्या बापावर डाफरलो, आणि हा माणूस चार बोटं गिळून खुर्चीत बसलाय. इतक्या दिवसांचा सगळा राग एकाच जागी येऊन उभा राहिला.

"याला नाव नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "मुलांनी नीट बघून सांगितलंय. वर्ग वाकडा आहे."

साहेबांनी टोपण लावलं आणि ते चहा न घेता निघून गेले.

पुढचे आठ दिवस बाई कुणाशी नीट बोलल्या नाहीत. जागा गेली हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. नवव्या दिवशी मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून पाकीट हातात दिलं.

"कायम केलंय तुम्हाला," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या आनंदी दिसत नव्हत्या.

"मला? त्यांनी?"

"अहो, हंगामी माणसाची बदली करता येत नाही नियमानं. म्हणून आधी कायम केलं. खालचं वाचा."

खाली बदली होती. तीस किलोमीटर लांब, शेवटच्या थांब्यापासून पुढे वीस मिनिटं चालत. तिथल्या बालवर्गाला इमारत नव्हती, मुलं पत्र्याखाली बसत होती.

"साहेब म्हणाले," मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला, "तिथं भिंतच नाही, तेव्हा तिथं काय मोजायचं ते मोजू दे म्हणावं."

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. "इमारत कधी व्हायची तिथं?"

"पुढच्या सोमवारी पायाची आखणी आहे. समितीवर तेच आहेत. का?"

"काही नाही," म्हणून बाई बाहेर आल्या आणि फाटकाशी उभ्या राहून त्यांनी मिस्त्रींना फोन लावला. बराच वेळ त्या नुसतं हं हं करत होत्या आणि पत्राच्या पाठीमागे काहीतरी लिहून घेत होत्या.

सोमवारी साहेबांची गाडी त्या माळावर पोहोचली तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी चुन्यानं रेघा ओढून ठेवल्या होत्या. रेघांच्या कोपऱ्यात, पदर खोचून, बाई उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्या हातात टेप होता. टेपचं दुसरं टोक पत्र्याखालच्या एका पोरानं धरलं होतं आणि बाकीची पोरं भोवती उभी राहून बघत होती.

"एका रेघेवर तीन फूट," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "दुसऱ्या रेघेवर चार. आता तिरकं मोज. पाच यायला पाहिजेत. किती आले?"

"पाच आणि वर एवढे," पोरानं बोटं दाखवली.

"पुसून टाक."

पोरांनी आनंदानं पायांनी चुना पुसला. ठेकेदार धावत आला. "ओ बाई, काय चाललंय? सकाळपासून तिसऱ्यांदा पुसलं यांनी. तुम्ही कोण इथल्या?"

बाईंनी गाडीतून उतरणाऱ्या साहेबांकडे एकदा बघितलं आणि टेप पुन्हा ताणला.

"मी इथली कायम बाई," त्या म्हणाल्या. "ओढा पुन्हा."