कर्णिक काकांची कबुतरी बंदूक

इंग्लंडात बेसिंगस्टोकमधले आमचे शेजारी कर्णिक काका रोज सकाळी खिडकीत कबुतरांना दाणे घालत आणि दर रविवारी त्याच खिडकीपाशी बसून कबुतरं मारायची बंदूक पुसत. बंदूक बाहेर काढली की आधी पडदा ओढायचे. "उगाच त्यांच्या मनाला लागायला नको," म्हणायचे. आता बोला!

स्वतः काकांनी जन्मात चिलट मारलं नव्हतं. लंडनच्या एका बंदुकांच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी बंदुकीच्या अक्रोडी लाकडाच्या दस्त्यांना जवसाचं तेल चोळलं, एवढंच. निवृत्त होताना ही जुनी बंदूक मालकाकडून मागून घेतली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी साहेब लोक पेटीतून जिवंत कबुतरं सोडून नेमबाजीच्या स्पर्धा लावत, त्या खेळासाठी घडवलेली. चांगलीच जड, आणि सेफ्टीचा खटकाच नाही. खटका सरकवेपर्यंत कबूतर पसार व्हायचं ना! पुढे कायद्यानं तो खेळ बंद पडला. "बरं झालं मेलं," काका म्हणत, "पण लाकूड बघ. लाकडाचा काय दोष?"

दस्त्यावर एक थेंब तेल, तळहातानं चोळायचं, मग आठवडाभर हात लावायचा नाही. "मुरू दे." हे दोन शब्द त्यांना सगळीकडे चालत. चहा, लोणचं, नवरा-बायकोचं भांडण, काहीही.

मंदीच्या वर्षी ऑफिसनं मला नारळ दिला, व्हिसा लटकला आणि मी काकांपुढे चक्क रडलो. त्यांनी पुढ्यात पिठलं-भात ठेवला. "आधी जेव. टेन्शन मुरू दे." नवी नोकरी लागेपर्यंत मी आणि माझी बायको मनीषा रोज संध्याकाळी त्यांच्याकडेच जेवलो. "काय झालं रे नोकरीचं?" असं एकदाही विचारलं नाही त्यांनी. ते उपकार मी कुठे ठेवू? या देशात आमचं घरचं माणूस म्हणजे ते एकटेच.

पुढच्या वर्षी काकांचे हात थरथरायला लागले. केअर होममध्ये जायचं ठरलं. तिथे बंदूक कोण ठेवू देणार? एक म्युझियम ती घ्यायला तयार झालं. मंगळवारी त्यांचा माणूस येणार होता. "दस्त्यावर एक डाग दिसला तर तसाच परत जा," काकांनी त्याला फोनवर ऐटीत सांगितलं होतं.

सोमवारी दसरा होता. मनीषानं माहेरच्या सवयीनं शस्त्रपूजेचं ताट आणलं. काकांनी बंदूक टेबलावर ठेवली आणि पडदा ओढायला वळले. तेवढ्यात हिनं ओलं कुंकू बोटावर घेऊन थेट दस्त्यावर टेकवलंसुद्धा!

ज्या माणसानं आम्हाला सांभाळलं, त्याच्या जन्मभराच्या कामाला आम्हीच डाग लावला होता. मी रुमाल काढला. "सॉरी काका, लगेच पुसतो..."

"थांब."

काका खुर्चीत बसले. "बंदूक घरी आली त्या दसऱ्याला शालिनीनं असंच लावलं होतं. इथंच." शालिनी म्हणजे काकू, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. "मी केवढा ओरडलो तिच्यावर. तिच्यासमोर घासून घासून काढलं, वर पुन्हा तेल चढवलं. नंतरचे सगळे दसरे ती लांबूनच नमस्कार करायची. आता दर रविवारी शोधतो रे. कुठे जराशी तरी खूण राहिली असेल म्हणून. नाही सापडत. काम चोख केलं ना मी."

मनीषाचे डोळे भरून आले होते. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलंस पोरी. त्या म्युझियमवाल्याला सांगतो, न्यायची तर अशीच ने."

माझा रुमाल अजून दस्त्याजवळच होता. काकांनी माझं मनगट धरून हळूच बाजूला केलं.

"मुरू दे," म्हणाले.