नकाशातली गॅलरी

नगरपालिकेने जुनी घरं उबदार करायची योजना काढली आणि घरोघर फिरायचा कचेरीत ज्याला सगळ्यात जास्त कंटाळा, त्याच अभियंत्याच्या गळ्यात ती पडली. "फिरायचं कशाला?" तो बैठकीत म्हणाला. "कुठलं घर कधी बांधलं, भिंती केवढ्या, खिडक्या किती, सगळं आपल्या दप्तरात आहे. मंजूर नकाशे काढतो आणि कुठल्या घरातून ऊब जास्त गळते ते खुर्चीत बसून सांगतो!" साहेबांनी मान डोलावली.

त्याने नकाशे घरी आणून तक्ता केला. त्यात सगळ्यात गळकं घर निघालं ते त्याच्या सासऱ्यांचं. अभियंता घरजावई होता. जेवताना त्याने ही बातमी सांगितली आणि त्या घरात पहिल्यांदाच त्याच्या ताटात न मागता भाजी पडली. भिंतींना अस्तर, दुहेरी काचांच्या खिडक्या, सगळं नगरपालिकेच्या खर्चाने!

"जावईबापू, शेवटी उपयोगाला आलात," सासरे म्हणाले. ते खरोखर कौतुकानेच म्हणाले.

साहेबांनी मात्र तक्ता बघून भुवया चढवल्या. "पहिलंच घर तुमच्या सासऱ्यांचं? लोक काय म्हणतील? उद्या नकाशा घेऊन मी स्वतः येतो. एक भिंत जरी इकडची तिकडे निघाली ना, तर तक्ता केराच्या टोपलीत आणि तुम्ही घरोघर!"

अभियंत्याला तेव्हा कुठे घाम फुटला. नकाशात घराच्या मागे उघडी गॅलरी होती. लग्न ठरल्यावर सासऱ्यांनी परवानगी वगैरे भानगडीत न पडता तिला स्लायडिंगच्या काचा लावून जावयासाठी खोली केली होती. ज्या खोलीत बसून त्याने तक्ता केला, ती खोलीच तक्त्यात नव्हती.

"बाबा, साहेबांनी बघितलं तर खोली पाडतील. मी जाऊ कुठे?"

"हात्तिच्या! तासाभरासाठी परत गॅलरी करू की."

काचा उतरल्या आणि सासूबाईंच्या पलंगाखाली गेल्या. जावयाची कॉट गच्चीवर गेली, कपाट न्हाणीघरात. शेजारून कुंड्या आल्या. बायकोने दोरी बांधून त्यावर ओल्या चादरी टाकल्या.

साहेब टेप लावत लावत गॅलरीत पोचले आणि वर बघून थबकले. "गॅलरीत पंखा?"

"कपडे वाळत नाहीत हो," सासूबाई म्हणाल्या.

"आणि भिंतीवर आरसा?"

"कुंड्यांना उजेड कमी पडतो," सासऱ्यांनी ठोकून दिलं. अभियंता चादरीआड डोळे मिटून उभा होता.

साहेबांनी नकाशाची घडी केली आणि अभियंत्याच्या पाठीवर थाप मारली. "सकाळपासून चार घरं बघितली. एकात स्वयंपाकघराचं दुकान झालंय, एकाचा जिना शेजाऱ्याच्या घरात उतरतो! नकाशाप्रमाणे असलेलं अख्ख्या गावात हे एकच घर. हेच आपलं नमुना घर. लोक बघायला येतील. आता इथला खिळासुद्धा हलवायचा नाही!"

महिन्याभरात घर इतकं उबदार झालं की सासूबाईंनी स्वेटर पेटीत टाकले. गॅलरी नकाशाप्रमाणे घराबाहेर, त्यामुळे अस्तर तिच्या अलीकडेच संपलं आणि मधल्या दाराला चारही बाजूंनी रबराची पट्टी बसली. नमुना घर बघायला रोज कोणी ना कोणी टपकायचं, म्हणून काचा पलंगाखालीच राहिल्या. बायको आईच्या खोलीत झोपू लागली. हॉलमध्ये सासऱ्यांचं घोरणं ऐकण्यापेक्षा गारठा परवडला, असं म्हणून अभियंत्याने कॉट गॅलरीत आणली. सकाळी पाहुणे यायच्या आत ती पुन्हा गच्चीवर चढवायची, एवढाच काय तो व्यायाम.

एका संध्याकाळी कानटोपी घालून, उशी काखोटीला मारून तो गॅलरीच्या उंबऱ्यात जरा रेंगाळला. घरातली ऊब पाठीला लागत होती. इतकी छान योजना आपणच आखली, या विचाराने त्याला अगदी रडू यायला लागलं.

"अहो, दार लावा ना!" बायको आतून ओरडली. "सगळी ऊब बाहेर चाललीय!"

त्याने मुकाट्याने दार लावलं. अर्थातच बाहेरून.