आधी बघा, मग भिजा

सांगलीतल्या आमच्या सार्वजनिक तरणतलावात उतरण्याआधी तात्यांबरोबर सगळ्या आवाराची सहल करावी लागते. तुमच्या हातात पास असो, डोक्यावर रबरी टोपी असो, तात्या दारातल्या बाकावरून उठून वाट अडवतात. "आवं, आधी बघा, मग भिजा."

पहिल्या दिवशी मी त्यांना कर्मचारी समजले आणि लॉकरची किल्ली मागितली. सगळ्याच बायका मागतात. तात्या मूळचे जतकडच्या मेंढपाळ घरातले, लष्करातून निवृत्त झालेले. तलावाशी त्यांचा कागदोपत्री काही संबंध नाही. पण पाठ ताठ आणि आवाज खणखणीत असला की आपल्याकडे माणूस आपोआप सरकारी होतो.

मी आले होते गुडघ्यांसाठी. ते निमित्त. यजमान गेल्यावर पुस्तकं आणि खिडकी यांच्यापलीकडे मी जात नव्हते, म्हणून लेकीने पास काढून हातात ठेवला. बोलणं नकोसं झालेल्या बाईला नेमके तात्या भेटले.

"हितं आधी वीटभट्टी हुती. मग कोनशिला बसली. मग इलेक्शन झालं, दुसरी बसली. बघा, दोनी हायत. पाणी मातर एकच." भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर मातकट पट्टा होता. "म्हापुरात नदी आत शिरली. बिनपासाची!"

पुढे वाफेच्या स्नानाची खोली. दार उघडलं तर आत मोडक्या खुर्च्या रचलेल्या.

"ह्यात बसलं की लय घाम येतो."

"चालू आहे?"

"न्हाई. पर उन्हाळ्यात येतोच की."

कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. उघड्या तलावाच्या निळ्या दाराशी मात्र तात्या थांबले. "हितनं फुडं तुमचं तुमी."

तासाभराने ओल्या केसांनी बाहेर आले, तर बाकावरून प्रश्न, "पाणी कसं हुतं?"

"ठीक," म्हणून मी चालू लागले. सगळ्याच जणी तसं म्हणतात. एकीने तर नळ गळतोय म्हणून त्यांना चांगलंच झापलं. तात्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

पुढे कधीतरी मी विचारलं, "तात्या, सगळं दाखवता, मग तलाव का नाही दाखवत?"

"आत मी कवा गेलोच न्हाई. हौसा जायाची." हौसा म्हणजे त्यांची बायको. "ती नदीकाठची. लग्न करून आमच्या माळावर आली. तिथं घागर भरंना, पवणार कशात? पोराची नोकरी सांगलीत, म्हणून म्हातारपणी हिकडं आलो. मग रोज तिला आणून सोडायचो. तासभर काय करू? हिंडून समदं बघितलं."

"त्यांना पोहताना नाही पाहिलं?"

"बायकांची वेळ. कसं बघू? पर घरापतुर सांगत यायची. पाणी कसं हुतं, कोण भ्यालं. उताणं पडलं की आभाळ हालतंय म्हणायची."

पुढचं मी विचारलं नाही. 'म्हणायची' एवढ्यात सगळं आलं होतं.

गेल्या आठवड्यात नवे व्यवस्थापक आले. भले गृहस्थ, नियमाचे. दारात सुविधांचा मोठा फलक लावला आणि तात्यांना म्हणाले, "आजोबा, महिलांच्या वेळेत पुरुषांनी थांबायचं नाही. कुणाला सोडायला आलाय का?"

दोन्ही कोनशिला तोंडपाठ असलेले तात्या टोपी सारखी करत उठले.

"मला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मला सोडायला आलेत ते. रोज येतात."

व्यवस्थापकांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "मग बसा," म्हणाले.

तात्या बसले. मी निळ्या दारातून आत गेले. बाहेर आले तेव्हा ते तिथेच होते. त्या दिवशी प्रश्न जरा दबकत आला, "पाणी कसं हुतं?"

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले.

"वरवर कोमट होतं, तात्या. पाय खाली सोडले की गार. एक नवी मुलगी काठाचा गज सोडेना. सगळ्या तिला हाका मारत होत्या."

"मग? सोडला?"

"सोडला शेवटी. आणि सगळ्यांपेक्षा जास्त ओरडली."

तात्या हसले. मग निळ्या दाराकडे बघून म्हणाले,

"आन् तुमी? उताणं पडलासा का?"

"पडले. आज पहिल्यांदाच."

"आभाळ हाललं?"

"हललं," मी म्हणाले. "थोडंसं."