शार्शेनाली अगाय यांणी धबधबा काबीज केला, त्याची हकीकत

पृथ्वीवर मोहिमा बहुत जाहल्या, तख्ते उलथली, बेलाग किल्ले पडले. परंतु कारागाय राष्ट्रीय उद्यानाचे फाटकापासून धबधब्यापावेतो जी मोहीम शार्शेनाली अगाय यांणी सप्टेंबरचे दुसरे रविवारी सिद्धीस नेली, तिजपुढे सर्व तुच्छ होय. अंतर दीड किलोमीटर. फाटकावरील पाटीवर वेळ चाळीस मिनिटे लिहिली असे, लेकुरे बरोबर असल्यास पन्नास.

मोहिमेचे कारण ऐसे. अगाय म्हणजे मास्तर. शार्शेनाली अगाय डोंगराखालील गावी एकतीस वर्षे भूगोल शिकवीत होते, आणि दर साली फळ्यावर निळ्या खडूने हाच धबधबा उतरवीत होते, आणि दस्तुरखुद्द त्यांणी तो कधी पाहिला नव्हता. हे वर्तमान त्यांचे कुटुंब बुर्माकान बेगम यांखेरीज कोणास ठाऊक नव्हते. मग निवृत्तीस एक मास उरला असता सहावीतील आयपेरी नामे मुलीने भर दरबारात पुसिले, "अगाय, तुम्ही गेला होतात तेव्हा कसा दिसत होता हो?" अगाय म्हणाले, "मोठा." मुलगी म्हणाली, "मोठा म्हणजे?" अगायांनी घंटेकडे पाहिले, घंटा वाजेना, मग "सोमवारी सांगतो" ऐसा तह करून सुटले.

पूर्वी स्वाऱ्या जाहल्या नाहीत ऐसे नव्हे. अठरा जाहल्या, आणि अठराही वाटेत बुडाल्या. कारण वाटेस कुरणे, आणि कुरणांवर रविवारचे लोक, आणि लोकांपुढे दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, पसरलेले. आणि या मुलखाची रीत ऐसी की, दस्तरखानावरून हाक आली तर रोटीचा तुकडा तोडून तोंडास लावल्याविना पुढे पाऊल टाकू नये. मग तुकड्यामागे चहा, आणि चहामागे बैठक, आणि बैठकीमागे मेंढा, आणि मेंढ्यामागे परतीची बस.

सबब यंदा बेगमसाहेबांनी मसलत करून हुकूम फर्माविला की, तुकडा उभ्यानेच तोडावा, चावत चावत चालावे, आणि कोणीही गुडघा वाकवू नये. जावई नूरदीन यास बिनीवर दिले. अगायांनी लोकरीच्या नमद्याचा पांढरा उंच टोप आणि लग्नातला कोट चढविला, आणि दहाचे सुमारास कूच जाहले.

पहिले दस्तरखानावर चार मावश्या दबा धरून होत्या. नूरदीनने चालत्या पायी तुकडा उचलला. एक मावशी कडाडली, "अहो जावईबापू, उभ्याने चरायला घोडा आहात का?" नूरदीन म्हणाला, "घोडाच आहे मावशी, आणि लगाम सासूबाईंच्या हातात!" मावश्या हसू लागल्या, आणि त्या गडबडीत फौज पार जाहली. दुसरे ठिकाणी घोडीचे आंबविलेले दूध मोठ्या वाडग्यात तयार होते आणि नूरदीनचे जुने सोबती भोवती होते. तेथे घनघोर आग्रह जाहला. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच!" ऐसे बोलून नूरदीन त्याच जागी कामास आला. बेगमसाहेब मागे न पाहता म्हणाल्या, "गेला. चला."

पुढे वाट दगडांची, अगायांचे गुडघे एकतीस वर्षे फळ्यापुढे झिजलेले. गर्जना ऐकू येऊ लागली, तुषार उडू लागले, मग बेगमसाहेब म्हणाल्या, "अहो, मान खाली! पायाखाली बघा, धबधबा कुठे पळून जात नाही." अगायांनी मान खाली घातली, आणि शेवटचे वळण घेऊन मान वर करणार, इतक्यात एक धिप्पाड पुरुष अंगावर कोसळला.

"अगाय! ओळखलंत का? मी केंजेबाय! आपल्या देशाच्या नकाशात समुद्र काढला म्हणून कान पिळला होतात!"

मग मिठी पडली, आणि मिठीतच अगायांस उचलून दस्तरखानावर नेले. वडीलधाऱ्यांचा मान दारासमोरील जागेचा. कुरणास दार नसते, सबब वाट हेच दार ठरले, आणि वाटेसमोरील जागा ती मानाची ठरली, आणि धबधबा त्या जागेच्या बरोबर पाठीमागे आला.

अगाय म्हणाले, "अरे, मी या कडेला बसतो की."

"कडेला? माझ्या बायकोसमोर माझी लाज काढता? तिकडून धबधबा दिसतो म्हणून पोरंटोरं बसलीत. तुम्हाला त्याचं काय नवल! आम्हाला शिकवला कोणी?"

अगाय एक शब्द खरा बोलते तर एकतीस वर्षांचा निळा खडू बुडता. सबब बसले. मांडलेल्या रोटीकडे पाठ करणे या मुलखात घडत नाही. सबब दीड प्रहर ऐसे समोर वाट, पाठीस गर्जना, कोटावर तुषार, आणि मध्ये मेंढा.

मग दुवा म्हटली, तळवे चेहऱ्यांवरून फिरविले, आणि सहाच्या बसकरिता फौज उठली. केंजेबायने अगायांचा एक दंड धरिला, त्याच्या भावाने दुसरा, आणि पोचवावयास निघाले. दहा पावलांवर अगायांनी हिय्या करून मान पाव भाग फिरविली. केंजेबायने ते पाहिले.

"थांबा! अगाय मागे बघतायत! पोट भरलं नाही त्यांचं. अगं, पातेलं चढव परत!"

बेगमसाहेब कानाशी म्हणाल्या, "आता मान वळवाल तर बस जाईल. नाहीतर सांगून टाका त्याला."

अगायांनी डोळे मिटले, मग उघडले, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "भरलं रे बाबा, भरलं." मान सरळ जाहली, ती फाटकापावेतो सरळ राहिली.

येणेप्रमाणे एकोणिसावी स्वारी फत्ते होऊन, नूरदीनचा देह वाटेतून गोळा करून, सरकारस्वारी सहाच्या बसने स्वस्थानी दाखल जाहली. धबधबा काबीज जाहला. उंची उपलब्ध नाही.

सोमवारी आयपेरीने पुन्हा पुसिले. अगाय म्हणाले, "गार."

कोट बुधवारी वाळला.