गोलात गोठलेली खुर्ची

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पण बर्फाच्या मैदानाकडेच्या या रिंकच्या खोलीत, या शेगडीशेजारी बसून मी आजवर खोटं बोललेलो नाही. बोललो असेन तर मासे आणि अस्वलं यांच्याबद्दल, माणसांबद्दल कधीच नाही. बूट सैल करा. मोजे शेगडीला चिकटवू नका, वास सुटतो. आणि कोपऱ्यात त्या कोटाखाली कुणी घोरतंय, त्याला घोरू द्या.

तर गेल्या जानेवारीतला रविवार, भर दुपार. थंडी अशी की शेगडीतला जाळसुद्धा अंग चोरून बसला होता. बर्फावरची हॉकी खेळायला अख्खं गाव जमलं होतं. आमच्या गावात प्रत्येकाचा पहिला दात याच बर्फावर पडतो, आणि बहुतेकांचा शेवटचाही.

हा बर्फ नेस्टर बाराबाशचा. जागा गावाची, पण तरुणपणापासून दर हिवाळ्यात पाणी घालून, थरावर थर चढवून तो गोठवायचा नेस्टरनंच. मग त्याचं कमरेचं हाड मोडलं. तेही घराच्या पायरीवर. बर्फावर मोडलं असतं तर त्याला एवढं लागलं नसतं. बायको जाऊन वर्ष झालेलं, घरात एकटा. त्याची मुलगी दार्का दूर विनिपेग शहरात असते. तिनं तिथल्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. त्या रविवारी ती त्याला न्यायला येणार होती. बॅग भरून दाराशी तयार होती.

नेस्टर निरोप घ्यायला म्हणून इथे आला आणि खिडकीकडे पाठ करून बसला.

"अरे, शेवटचं बघ तरी," मी म्हणालो.

"बघितलं की चुका दिसतात," तो म्हणाला. "पाणी एकदम ओतता तुम्ही लोक. घाई."

आता संघ पाडायची आमची रीत तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांनी आपापल्या स्टिक मैदानाच्या मधोमध ढिगात टाकायच्या. एकानं टोपी हनुवटीपर्यंत ओढून गुडघ्यावर बसायचं आणि एक डावीकडे, एक उजवीकडे अशा फेकत जायच्या. स्टिक पडेल तिकडे तुम्ही. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, रुसायचं नाही. आणि ढिगात जे सापडेल त्याच्या मालकानं खेळायचंच. हा नियमही नेस्टरचाच.

त्या दिवशी फेकायची पाळी माझी. माझी टोपी आईनं विणलेली, इतकी घट्ट की उजेडही आत येताना विचारून येतो. मी फेकतोय, फेकतोय, आणि हाताला लागलं काहीतरी बारीक, टोकाला रबर. मी तेही फेकलं.

"थांबा!" स्टेफ्का ओरडली. ही आमची शाळेची बस चालवते. तिच्यासमोर मोटारीसुद्धा रांगेत उभ्या राहतात. "ही तर नेस्टरकाकांची काठी!"

"ढिगात कशी आली?" फादर रोमाननी विचारलं. ते पलीकडच्या संघात पडले होते.

"देव जाणे," मी टोपीतून म्हणालो.

"तुम्हालाच विचारायला पाहिजे मग, फादर," स्टेफ्का म्हणाली. "कशी का येईना, ढिगात होती. काका आमच्याकडून."

ती तडक खोलीत गेली.

"काका, चला."

"वेड लागलंय का? माझी कंबर—"

"नियम कुणी केला?"

"मी केला. पण तेव्हा मला कंबर होती!"

तरी आला. गुरगुरत आला, पण आला. उभं राहणं जमेना, म्हणून समोरच्याच त्याच्या घरातून स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणली, गोलात, जाळीच्या तोंडाशी मांडली, त्याला बसवलं, मांडीवर घोंगडी टाकली आणि काठी हातात दिली.

फादरनी पहिलाच फटका असा मारला की पक, ती रबराची चपटी चकती, नेस्टरच्या बुटावर आदळली. पक आत गेला नाही. नेस्टर मात्र खुर्चीसकट घसरत आत गेला.

"गोल!" फादर ओरडले.

"कसला गोल? आत माणूस गेलाय!" स्टेफ्का म्हणाली. "सकाळी चर्चमध्ये माणसं आत नेता ना? दुपारी तरी पक न्या!"

दुसऱ्या फटक्यालाही तेच. तेव्हा नेस्टर भडकला.

"बादली आणा! गरम पाणी! पायांशी ओता. माझ्या नाही रे मूर्खांनो, खुर्चीच्या!"

ओतलं. बघता बघता खुर्ची बर्फात रुतून बसली. त्यानंतर एक गोल झाला असेल तर शपथ. एक पक तर त्यानं काठीनं असा टोलवला की तो धान्याच्या कोठाराच्या छपरावर जाऊन बसला. अजून तिथेच आहे. कबुतरं त्याला अंडं समजून उबवतात.

तेवढ्यात दार्काची गाडी आली.

"बाबा! हे काय चाललंय?"

"काही नाही. येतोच मी," नेस्टर गरिबासारखा म्हणाला. "तेवढी खुर्ची घे. तुझ्या आईची आहे. ती सोडून मी यायचा नाही."

त्याला उचलून बाजूला उभं केलं आणि खुर्ची ओढली. चौघांनी ओढली, सगळ्यांनी ओढली. हलेना.

"पहार आणतो," फादर म्हणाले.

"माझ्या बर्फाला पहार?" नेस्टर काठी उगारून म्हणाला. "आधी माझ्यावर माती टाका, मग आणा!"

मग दार्का पुढे झाली. तिनं हातमोजे काढले, खुर्चीच्या पाठीला धरलं, आणि ओढायचं राहूनच गेलं. लाकडाला तिथे दोन गुळगुळीत खळगे पडलेत. हीच खुर्ची पुढे ढकलत ती या बर्फावर चालायला शिकली होती. नेस्टर समोर उलट्या पावलांनी चालायचा आणि म्हणायचा, "सोड. मी आहे. सोड ना." ती सोडायची नाही. आई कडेला उभी राहून ओरडायची की खुर्ची जेवायच्या आत परत आणा.

दार्कानं बोटं त्या खळग्यांत बसवून बघितली.

"ही सुटणार कधी?" दार्कानं विचारलं.

"मार्चअखेर," अख्खं गाव एका सुरात म्हणालं.

तिनं नाक पुसलं. थंडीचं असेल. मग ती स्टेफ्काकडे वळली. "तुझ्याकडे जादा स्केट आहेत? माझ्या मापाचे?"

झालं, मंडळी. मार्चअखेर बर्फ वितळला, खुर्ची सुटली. दार्का ठरल्याप्रमाणे त्याला न्यायला आली, आणि—

कोपऱ्यातलं घोरणं थांबलं.

"वासिल," कोटाखालून नेस्टर म्हणाला, "त्या दिवशी काठी मी इथे, तुझ्या डोक्यावर भिंतीत आहे त्या खिळ्याला अडकवली होती. तिथून ती एकटीच चालत मैदानाच्या मधोमध गेली काय?"

"मला काय माहीत? माझी टोपी—"

"दे ती टोपी इकडे. जरा दिव्यासमोर धर, आणि बघू दे सगळ्यांना तिची भोकं."