दिगंबररावांचा फ्लॉवर

आमच्या गावात मेलेल्या माणसाला, त्याने शेवटची आणलेली भाजी खराब होईपर्यंत घरी राहता येतं. म्हणून वय झालेली माणसं बाजारातून लाल भोपळा नाहीतर सुरण घेऊन येतात. आमच्या आळीतले एक गृहस्थ मेथीची जुडी आणून गेले, तर त्यांची मुलगी गावाहून पोचेपर्यंत मेथी पिवळी पडली होती.

माझे शेजारी दिगंबरराव दहिवाळ गेले, तेव्हा त्यांनी फ्लॉवर आणला होता. खरं तर ते भोपळाच आणायला निघाले होते. त्यांच्या बायकोने, इंदूताईंनी, दारातून हाक मारली, "भोपळा नको हो आता, विटले मी. फ्लॉवर आणा." ते मी माझ्या ओट्यावरून ऐकलं होतं. पुढे इंदूताई मला भेटल्या की पहिलं तेच सांगायच्या.

गड्डा मात्र चांगला होता. पांढरा, घट्ट, पाल्यासकट. इंदूताईंनी तो धुतला नाही. धुतलं की पाणी तुऱ्यांत अडकून राहतं. कोरड्या पंच्यात सैलसा गुंडाळून, देठ वर करून फ्रिजमध्ये ठेवला. केळी आणि टोमॅटो मला देऊन टाकले, कारण पिकत्या फळांजवळ फ्लॉवर लवकर जातो. पंचा दमट लागला की त्या दुसरा बदलायच्या, पहिला वाळत घालायच्या.

दिगंबरराव खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असत.

"अगं, बस ना जरा इथे."

"आले हं. एवढा पंचा बदलते."

"मग बदल. मी कुठे जातोय?"

त्या यायच्या, टेकायच्या, आणि फ्रिजचं दार नीट लागलं का ते बघायला पुन्हा उठायच्या.

गड्ड्यावर तपकिरी ठिपके दिसले, तेव्हा नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचे हिंगमिरे तपासणीला आले. "ठिपके म्हणजे खराब नव्हे," ते म्हणाले. "सुरीने खरवडून टाका. पाला सुकला तरी आमची हरकत नसते. पण गड्डा बुळबुळीत झाला आणि आंबूस वास सुटला, की मग माझ्या हातात काही राहत नाही."

इंदूताईंनी ठिपके खरवडले. मग तुरे खरवडले. गड्डा लहान होत गेला.

हिंगमिरे पुन्हा आले ते भर दुपारी. मीही तिथेच होते. इंदूताईंनी फ्रिजमध्ये कापराच्या वड्या मांडून ठेवल्या होत्या. हिंगमिऱ्यांनी वाकून वास घेतला, बराच वेळ घेतला. "मला तर कापराचाच वास येतोय," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

तेवढ्यात दिगंबरराव उठले. त्यांनी गड्ड्यावर अंगठा टेकवला. अंगठा घसरला.

"बुळबुळीत लागतोय, साहेब."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" इंदूताई ओरडल्या.

"कुणी नाही. तू दमलीस गं."

हिंगमिऱ्यांनी मग हात लावून पाहिला आणि फ्लॉवर पिशवीत घातला.

गेलेल्या माणसाला नाक्यापर्यंत चालत सोडायची आमच्याकडे पद्धत आहे. दोघं पुढे चालले होते, हिंगमिरे आणि मी मागे. पंचे बदलायचे नव्हते, फ्रिज उघडायचा नव्हता. इंदूताईंचे हात नुसतेच लोंबत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा तुम्ही मला बघून हसला होतात. का हो?"

"ते होय?" दिगंबरराव आताही हसले. "ती गंमतच झाली होती. मुहूर्ताच्या आधी काय झालं, तुझा मामा माझ्याकडे आला. आणि त्याच्या हातात..."

गोष्ट लांबलचक असावी. दिगंबरराव हातवारे करून सांगत होते. हिंगमिरे वाटेत दोनदा थांबले, चपलेत खडा गेला म्हणाले. मीही त्यांच्याबरोबर थांबले. पण आमचं गाव लहान आहे, आणि नाका आला तेव्हा मामा अजून मांडवाच्या दारातच होता.

"बाकीचं?" इंदूताईंनी विचारलं.

हिंगमिरे खाली मान घालून म्हणाले, "तशी तरतूद नाही, वहिनी."

दिगंबररावांनी मान हलवली, इंदूताईंचा पदर खांद्यावर नीट केला आणि नाक्यापलीकडे गेले.